मूत्रपिंड, धातू आणि घेटुळी: एका आशेचा इतिहास

अबू धाबीच्या अल रीम बेटावर आज जिकडे पाहावं तिकडे उंच इमारती आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे फारसं काही नव्हतं. 'रीम' म्हणजे अरबस्तानच्या वाळूत राहणारं हरिण, त्यावरून बेटाचं नाव. आता इथे सॉर्बोन विद्यापीठाचा परिसर आहे, शाळा आहेत, बाजार आहेत, आणि पुण्या-मुंबईकडून, नागपूर-कोल्हापूरकडून आलेली मराठी घरंही आहेत. अशा घरांत सुट्टीनंतर गावाहून परत येणाऱ्या बॅगेत मेतकूट, भाजणी, लोणचं असतं, आणि पुष्कळदा औषधांची एक वेगळी पिशवीही असते. कुठल्या तरी भस्माच्या पुड्या, सांधेदुखीवरच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल आणि 'किडनी साफ ठेवणारा' पुनर्नवेचा काढा. म्हणजे धातू आणि त्या धातूपासून मूत्रपिंड वाचवणारी वनस्पती, अशा दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत येतात. दोन्ही घेणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही, उलट दुहेरी सुरक्षित वाटतं.

हे सुरक्षित वाटणं आलं कुठून? या लेखात त्याचा माग काढायचा आहे. 'अमुक वनस्पतीच्या अर्काने तमुक धातूमुळे मूत्रपिंडाला होणारी ऑक्सिडेटिव्ह इजा कमी झाली' अशा धर्तीचे शोधनिबंध गेल्या तीस-चाळीस वर्षांत भारतात, इजिप्तमध्ये, इराणमध्ये, नायजेरियात आणि इथे आखातातही भरपूर निघाले. त्यातले बरेच प्रयोग काळजीपूर्वक केलेले आहेत. तरीही त्या निबंधांपासून घरातल्या काढ्यापर्यंतची उडी फार लांबची आहे. ती किती लांबची, हे इतिहास पाहिल्यावर नीट कळतं.

धातू मूत्रपिंडातच का अडकतो

आधी शरीराचं थोडं गणित. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून साधारण ३०० ग्रॅम. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं पाणी, साखर, क्षार मूत्रपिंड परत ओढून घेतं. हे काम मुख्यतः गाळणीनंतरच्या पहिल्या वळणदार नळीतल्या पेशी करतात. त्या सतत राबत असतात आणि त्यांना प्राणवायू भरपूर लागतो. त्या जे जे परत ओढतात त्यात शिसं, पारा, कॅडमियम हेही येतात, कारण हे धातू रक्तातल्या लहान प्रथिनांना आणि गंधकयुक्त रेणूंना चिकटून प्रवास करतात. पेशीला तो चोर ओळखू येत नाही.

आत गेल्यावर धातू पेशीतल्या गंधकाच्या गटांना धरून बसतो. ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू पेशीचा पहारेकरी असतो, तो खर्ची पडतो. मग प्राणवायूचे आक्रमक रूप घेतलेले रेणू मोकाट सुटतात आणि पेशीचं आवरण, तिची प्रथिनं, तिची ऊर्जाकेंद्रं यांची नासधूस करतात. या अवस्थेला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हे नाव जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी १९८५ साली रूढ केलं. म्हणजे ज्या शब्दावर आजच्या काढ्यांची आणि कॅप्सूलची जाहिरात उभी आहे, तो शब्द अजून पन्नाशीलाही पोचलेला नाही.

मूत्रपिंडाकडे स्वतःचा उपाय नाही असं नाही. १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली या संशोधकांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून कॅडमियम बांधून ठेवणारं एक प्रथिन वेगळं काढलं. पुढे त्याला मेटॅलोथायोनीन म्हणू लागले. गंधकाने खच्चून भरलेलं हे प्रथिन धातू पकडून ठेवतं. पण पकडून ठेवणं म्हणजे बाहेर टाकणं नव्हे. माणसाच्या मूत्रपिंडात एकदा शिरलेलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात.

जुन्या ग्रंथांत काय होतं आणि काय नव्हतं

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'आयुर्वेदात मूत्रपिंडाचं रक्षण करणाऱ्या वनस्पती हजारो वर्षांपासून सांगितल्या आहेत' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. चरकसंहितेत वृक्क येतात, पण ते मेद वाहून नेणाऱ्या स्रोतसांचं मूळ म्हणून. मूत्राच्या स्रोतसांचं मूळ तिथे बस्ती आणि वंक्षण आहे, म्हणजे मूत्राशय आणि जांघेचा भाग. रक्त गाळून लघवी करणारा अवयव म्हणून वृक्काची कल्पना त्या चौकटीत नाही. यात त्या ग्रंथांना कमीपणा येत नाही. युरोपातही हातपाय सुजणं, लघवीतून प्रथिन जाणं आणि आजारी मूत्रपिंड या तिन्हींची सांगड लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट यांनी घातली ती १८२७ साली.

मग पुनर्नवा कशासाठी होती? शोथासाठी, म्हणजे सुजेसाठी. आपल्याकडे तिला घेटुळी म्हणतात. पावसाळ्यात पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला पसरणारी, जांभळट देठांची ही वेल उन्हाळ्यात सुकते आणि पाऊस पडला की त्याच मुळातून पुन्हा फुटते, म्हणून पुन्हा नवी. तिची एक बहीण इथे अमिरातीच्या खडकाळ माळावरही उगवते. वैद्य सूज पाहत होते आणि ती उतरते का ते पाहत होते. ती सूज हृदयामुळे आहे, यकृतामुळे आहे की मूत्रपिंडामुळे, असा भेद त्यांच्या निदानात नव्हता. 'सुजेवरची वनस्पती' हिचं 'किडनीरक्षक वनस्पती' असं भाषांतर विसाव्या शतकात झालं आणि मग ते जुनंच आहे असं वाटू लागलं.

धातू आणि वनस्पती यांचं नातं मात्र खरंच जुनं आहे, पण ते वेगळ्या तऱ्हेचं आहे. रसशास्त्राचा 'रसरत्नसमुच्चय' हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० साली आपल्या संस्कृत ग्रंथमालेत छापला आणि पोथीतली विद्या महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या हाती छापील रूपात आली. या परंपरेत धातू तापवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत पुनःपुन्हा विझवतात. त्याला शोधन म्हणतात. नंतर वनस्पतींच्या रसात खल करून, पुटं देऊन भस्म करतात. म्हणजे वनस्पती धातूवर काम करते, आणि तेही भट्टीजवळ, रोग्याच्या पोटात नव्हे. भस्म नीट झालं का हे पाहायच्या परीक्षाही होत्या. ते बोटांच्या रेषांत भरलं पाहिजे, पाण्यावर तरंगलं पाहिजे, पुन्हा तापवलं तर त्यातून मूळ धातू परत निघता कामा नये. कच्च्या भस्माने ओकारी, भोवळ, दाह होतो असे इशारेही ग्रंथकारांनी दिले आहेत. धातू विषारी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या परीक्षा डोळ्यांनी आणि बोटांनी करायच्या होत्या, आणि त्या काळी दुसरं साधनही नव्हतं. मात्र पाण्यावर तरंगणाऱ्या भस्मातून किती शिसं रक्तात उतरतं, हे त्या परीक्षेत कळत नाही.

मुंबईत याच सुमाराला वनस्पतींचा हिशेब नव्याने मांडला जात होता. डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. हे तेच सखाराम अर्जुन, जे पुढे १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या स्थापनेत होते. नंतर डॉ. वामन गणेश देसाई यांनी १९२७ साली मराठीत 'ओषधीसंग्रह' लिहिला, आणि 'भारतीय रसशास्त्र' हाही ग्रंथ त्यांचाच. वनस्पती आणि धातू या दोन विद्या तेव्हा एकाच लेखणीतून उतरत होत्या.

विषाचंच औषध होतं तेव्हा

पाश्चात्त्य वैद्यक या बाबतीत शहाणं होतं असं समजू नका. ज्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये ब्राइट काम करत होते, त्याच रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी एक गोळी पुढे शतकभर सुजेवर दिली जात होती. तिच्यात डिजिटॅलिस आणि रानकांद्याच्या जातीतला स्क्विल या दोन वनस्पती होत्या, आणि जोडीला पारा. पाऱ्याने लघवी वाढते हे खरं होतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस व्हिएन्नात आल्फ्रेड फोग्ल नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की उपदंशावर दिलेल्या पाऱ्याच्या इंजेक्शनाने रोग्याला प्रचंड लघवी होते. तिथून पाऱ्याची मूत्रल औषधं जगभर गेली आणि १९५८ च्या आसपास क्लोरोथायझाइड येईपर्यंत टिकली. हृदयविकाराच्या लाखो रोग्यांना त्यांनी दम घेऊ दिला, आणि काहींची मूत्रपिंडं बिघडवली.

त्याच काळात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी पुनर्नवेचा मूत्रल गुण प्रयोगशाळेत तपासत होते. पाऱ्याला घरचा, कमी धोक्याचा पर्याय मिळतो का, हा त्या काळातला रास्त प्रश्न होता. पुनर्नवा मूत्रल म्हणून मध्यम ठरली. पण तिचं नाव 'किडनी' या शब्दाशी कायमचं जोडलं गेलं, ते या काळात.

पांढऱ्या उंदराचे चार गट

नंतरचा टप्पा आपल्या विषयाचा गाभा आहे. प्रयोगाचा साचा आता इतका ठरून गेलाय की डोळे मिटून सांगता येतो. पांढऱ्या उंदरांचे चार गट करायचे. पहिल्याला काहीच नाही. दुसऱ्याला धातू, म्हणजे शिशाचं अ‍ॅसिटेट, कॅडमियम क्लोराइड किंवा मर्क्युरिक क्लोराइड. तिसऱ्याला नुसता वनस्पतीचा अर्क. चौथ्याला दोन्ही. चार ते आठ आठवड्यांनी रक्तातलं युरिया आणि क्रिएटिनिन मोजायचं, मूत्रपिंडाच्या पेशींतलं ग्लुटाथायोन आणि इतर पहारेकरी मोजायचे, सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहायचे. बहुतेक वेळा चौथा गट दुसऱ्यापेक्षा बरा निघतो. हळद, आवळा, गुळवेल, लसूण, शेवगा, कलौंजी, पुनर्नवा, गोखरू, जवळपास सगळ्यांनीच कुठे ना कुठे ही परीक्षा पास केली आहे.

आणि नेमकं इथेच संशोधकाने थांबून विचार करायला हवा. सगळेच पास होत असतील तर परीक्षा काय मोजते आहे?

एक, अर्क बहुतेकदा धातूच्या आधी किंवा बरोबर दिलेला असतो. माणूस दवाखान्यात येतो तो धातू पोटात गेल्यावर, पुष्कळदा कित्येक वर्षांनी. दोन, दोन्ही गोष्टी तोंडावाटे दिल्या तर वनस्पतीतली टॅनिनं आणि तत्सम द्रव्यं धातूला आतड्यातच धरू शकतात. मग मूत्रपिंड वाचलं, पण ते अर्कामुळे बळकट झालं म्हणून नव्हे, तर तिथपर्यंत धातूच कमी पोचला म्हणून. हा फरक कळायला मूत्रपिंडातल्या धातूचं प्रमाण मोजावं लागतं, आणि प्रत्येक निबंधात ते मोजलेलं नसतं. तीन, मात्रा. उंदराला किलोमागे २०० किंवा ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर तेवढाच हिशेब सरळ माणसाला लावता येत नाही.

चौथी गोष्ट काळाची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये लाकडी घरांच्या व्हरांड्याच्या कठड्यांना शिशाचा रंग असे. उन्हाने त्याची भुकटी होई, मुलांच्या बोटांना लागे आणि पोटात जाई. लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ साली हे कारण दाखवून दिलं. ती मुलं मोठी झाली, आणि पन्नाशीच्या दशकात हेंडरसन यांनी दाखवलं की लहानपणी शिसं गेलेल्यांपैकी अनेक जण पुढे तरुण वयातच मूत्रपिंडाच्या आजाराने मरण पावले. शिसं हाडांत साठतं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात येत राहतं. आठ आठवड्यांच्या उंदरात ही गोष्ट दिसत नाही.

माणसांची मूत्रपिंडं कशाने वाचली

मग खऱ्या माणसांच्या बाबतीत काय कामी आलं? काही प्रसंग ओळीने पाहू.

दुसऱ्या महायुद्धात लुइसाइट या सोमलयुक्त विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांच्या चमूने एक द्रव्य तयार केलं, ब्रिटिश अँटी-लुइसाइट. त्याची युक्ती साधी होती. सोमल पेशीतल्या गंधकाला धरतो ना, मग त्याला आणखी घट्ट धरणारं गंधकाचं आमिष बाहेरून द्यायचं आणि दोघांना लघवीवाटे काढून टाकायचं. पुढे शिशासाठी आणि पाऱ्यासाठी अशीच इतर द्रव्यं आली. धातूने केलेली नासधूस सावरत बसण्याआधी ती धातूलाच शरीराबाहेर काढू पाहतात.

जपानच्या तोयामा प्रांतात खाणीतलं कॅडमियम नदीवाटे भातशेतीत उतरलं. मूत्रपिंडं बिघडली, हाडं ठिसूळ झाली, बायका वेदनेने 'इताई, इताई' म्हणत कण्हू लागल्या. तेच आजाराचं नाव झालं. १९६८ साली सरकारने तो प्रदूषणातून आलेला आजार असल्याचं मान्य केलं. पुढे खाणीचं पाणी आवरलं आणि शेतांची माती बदलली.

तिसरा प्रसंग औषधाचा. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांना जिवाणूंवर विजेचा प्रयोग करताना प्लॅटिनमच्या एका संयुगाचा शोध लागला. तेच सिस्प्लॅटिन, आजही कर्करोगावरचं एक मुख्य औषध. पण ते मूत्रपिंडाला इतकं मारक ठरत होतं की सोडून द्यायची पाळी आली होती. ते वाचलं ते पाण्यामुळे. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये डॉक्टरांनी रोग्याला शिरेवाटे भरपूर सलाइन आणि लघवी वाढवणारं मॅनिटॉल देऊन मग औषध द्यायला सुरुवात केली आणि नुकसान खूप कमी झालं. १९७८ साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. इथेही वनस्पतींचे अर्क उंदरांत शेकडो वेळा यशस्वी झालेत, पण कर्करोगाच्या वॉर्डात आजही पहिला भरवसा सलाइनच्या बाटलीवर आहे.

याउलट, वनस्पतीवर नुसता भरवसा टाकल्याची किंमतही इतिहासात नोंदलेली आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात एका चिनी वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया जातीची वनस्पती गेली. शंभराहून अधिक जणींची मूत्रपिंडं निकामी झाली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. याच जातीतली सापसंद किंवा ईश्वरी आपल्या कोकणातही उगवते आणि जुन्या औषधांत सापडते. आणि 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी केला की किडनी सुधारेल' या कल्पनेचीही माणसांत मोठी परीक्षा झाली. ओलिअ‍ॅनोलिक आम्ल या वनस्पतिजन्य रेणूत बदल करून बनवलेलं बार्डोक्सोलोन नावाचं औषध पेशीची संरक्षक यंत्रणा चालू करतं. मधुमेहामुळे मूत्रपिंड खूप बिघडलेल्या २,१८५ रोग्यांवर त्याची चाचणी सुरू झाली आणि हृदयविकाराचा धोका वाढल्याचं दिसताच २०१२ साली ती थांबवावी लागली.

रक्षकाबरोबर चोर

आता मुळातल्या पिशवीतल्या विसंगतीकडे वळू. २००४ साली अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून रॉबर्ट सेपर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं विकत घेऊन तपासली. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा सोमल निघाला. २००८ साली त्यांनी इंटरनेटवर मिळणारी १९३ उत्पादनं तपासली, तेव्हाही सुमारे पाचव्या हिश्शात धातू सापडला. रसशास्त्राच्या औषधांत तो मुद्दाम घातलेला असतो. पण ज्या उत्पादनांत नुसत्या वनस्पतीच असायला हव्यात, त्यांतही काहींत तो होता. मातीतून, पाण्यातून, दळण्याच्या यंत्रातून किंवा भेसळीतून तो येऊ शकतो. भारतात नुसत्या वनस्पतींच्या औषधांसाठी शिसं १० पीपीएम, सोमल ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम अशा मर्यादा आहेत. रसौषधी त्या मोजमापाबाहेर राहतात, पण पारा, हरताळ, मनःशीळ, शेंदूर अशी द्रव्यं असलेली औषधं वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची, असं औषध नियमांच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेलं आहे. पुडीत बांधून आलेल्या औषधावर तो इशारा पुष्कळदा येतच नाही.

हळदीची गोष्ट तर विलक्षण आहे. शिशाच्या इजेपासून मूत्रपिंड वाचवणारं म्हणून प्रयोगशाळेत ज्याचं नाव सतत येतं, ते करक्युमिन हळदीतलं. आणि बांगलादेशात रक्तातल्या शिशाचा माग काढताना संशोधक पोचले तेही हळदीपर्यंतच. हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना शिशाचं क्रोमेट फासलं जात होतं. २०१९ साली तिथल्या बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत ते होतं. सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना सांगितलं, आणि २०२१ पर्यंत प्रमाण शून्यावर आलं.

महाराष्ट्रातही असंच उदाहरण आहे. २०२३ साली अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कारण शोधलं तेव्हा बोट गेलं गोरं होण्याच्या क्रीमकडे, आणि त्यात पारा भरमसाट निघाला. सौंदर्यप्रसाधनात पारा १ पीपीएमच्या वर नसावा अशी मर्यादा आहे. दक्षिण भारतातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी गेल्या काही वर्षांत अशाच क्रीमचा आणि पारायुक्त पारंपरिक औषधांचा संबंध एका विशिष्ट विकाराशी जोडला आहे. त्यात लघवीतून प्रथिन जातं आणि अंगावर सूज येते. बहुतेकांची सूज ती वस्तू बंद केल्यावर हळूहळू उतरली. जुन्या वैद्याने ही सूज पाहिली असती तर पुनर्नवा दिली असती. ती देताना क्रीम चालूच राहिलं असतं तर?

मग वनस्पतींचं काय करायचं

त्या टाकून द्यायच्या का? अजिबात नाही. मुंबईच्याच केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर केलेलं काम इथे आठवायला हवं. प्रयोगशाळेत प्रतिकारशक्तीवरचा परिणाम दिसला म्हणून ते थांबले नाहीत. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रोग्यांत गट पाडून त्यांनी गुळवेल देऊन पाहिली आणि १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणी लहान होती. पण प्रश्न नेमका होता, रोगी नेमके होते आणि तुलना होती. धातू आणि मूत्रपिंड या विषयात उंदरांचे निबंध ढिगाने आहेत, आणि अशा चाचण्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच.

इथे आखातातही काम चालू आहे. अबू धाबीत वनौषधींच्या संशोधनासाठी झायेद यांच्या नावाचं संकुल नव्वदच्या दशकात उभं राहिलं. अल ऐनच्या यूएई विद्यापीठातल्या आणि ओमानच्या सुलतान काबूस विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून अरबी डिंकाचा बिघडलेल्या मूत्रपिंडावर काय परिणाम होतो हे उंदरांत तपासलं आहे. पारा वापरातून हटवण्याच्या मिनामाता करारावर अमिरातींनी २०१५ साली आणि भारताने २०१८ साली मंजुरीची मोहोर उठवली. करार आला म्हणून बॅगेतली पुडी आपोआप तपासली जात नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

घरापुरतं सांगायचं तर तीन गोष्टी पुरेत. गावाहून आणलेलं औषध कुणी बनवलं, त्यात काय आहे आणि धातूची तपासणी झाली आहे का, हे पाकिटावर नसेल तर ते घेऊ नये. भस्म किंवा रसौषधी चालू असेल तर ते इथल्या डॉक्टरला न लाजता सांगावं, लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं, आणि शंका असेल तर रक्तातलं शिसं आणि लघवीतला पाराही. आणि 'किडनी साफ करणारा' काढा आहे म्हणून दुसरी पुडी निर्धास्तपणे चालू ठेवू नये. वर पाहिलेल्या प्रसंगांत मूत्रपिंडं वाचली ती धातू थांबवल्याने, बाहेर काढल्याने किंवा पाण्याने पातळ केल्याने.

पण काही माणसांना धातू थांबवायची मुभाच नसते. कर्करोगाच्या रोग्याला सिस्प्लॅटिन घ्यावंच लागतं, आणि सलाइन देऊनही काहींच्या मूत्रपिंडाला इजा होते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्टीवरच्या कामगाराला उद्याही कामावर जायचं असतं. त्याला मास्क हवा, धूर ओढणारा पंखा हवा, रक्ताची नियमित तपासणी हवी, हे आधी. त्यानंतरही जी इजा उरते, तिथे घेटुळी, हळद किंवा आवळा खरोखर काही करतो का, हा अजून उघडा प्रश्न आहे. तो माणसांत, तुलनेच्या गटासह, मूत्रपिंड आणि धातू दोन्ही मोजून, पुरेशी वर्षं थांबून तपासायला हवा. उंदरांचे आणखी शंभर निबंध निघाले तरी भट्टीवरच्या त्या कामगाराला उत्तर मिळणार नाही.